हलू नका

"झाला का हो फोटो? उठू मी?"

आईनं असं विचारलं तेव्हा त्याला आधी वाटलं, ती थट्टा करतेय. खिडकीशी खुर्चीत बसून ती मांडीवरच्या ताटात मटार सोलत होती. ऊन तिच्या मनगटापर्यंत येऊन थांबलं होतं आणि तो पलंगापलीकडे एक गुडघा टेकून, कॅमेरा डोळ्याला लावून, ते बोटांवर यायची वाट बघत होता. ऊन बोटांवर आलं, शटर वाजलं, आणि तिनं मान वळवून, परक्या माणसाशी बोलताना आवाजात येतो तसला नरमपणा आणून विचारलं. त्या वाक्यातला 'हो' त्याच्या कानात जाऊन बसला. पन्नाशी कधीच ओलांडलेल्या आपल्या मुलाला तिनं नानू म्हटलं होतं, नान्या म्हटलं होतं, चिडली की गाढवा म्हटलं होतं. अहो-जाहो कधी केलं नव्हतं.

"आई, मी आहे," तो म्हणाला.

"तुम्ही आहात ते दिसतंय की," ती हसली. "पण किती वेळ बसवून ठेवणार? माझी कामं पडलीत."

"मी नानू."

तिनं हातातली शेंग ताटात टाकली. त्याची पांढरी दाढी, गळ्यातला पट्टा, गुडघ्यावर मळलेली पँट असं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काहीतरीच काय! नानू केवढासा आहे. तो आत्ता स्टुडिओत गेलाय, कामाला लागलाय ना. तुम्हाला त्यानंच पाठवलं का?"

स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती, ओल्या हातांनी. तिनं सगळं ऐकलं होतं. नंतर जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "परवा ती मला 'नर्सबाई' म्हणून हाक मारत होती. आज तुझी पाळी. मनाला लावून घेऊ नकोस." डॉक्टरांनी कधीपासून सांगून ठेवलं होतं, की असं होणार, नावं जातील, मग नाती जातील, मग हळूहळू बाकीचं. त्यानं मान डोलावली. पण मनाला लागलं होतं ते वेगळंच. ती विसरली याचं त्याला तितकंसं काही वाटलं नाही. विसरून झाल्यावर जे उरलं त्याची त्याला भीती वाटली. वर्षं, वयं, मुलीचा चेहरा, सगळं ढासळलं, आणि त्या ढिगाऱ्यात कॅमेरा तेवढा शाबूत राहिला. मुलगा गेला आणि फोटोवाला उरला.

त्याच आठवड्यात प्रदर्शनवाल्या बाई त्याची मुलाखत घ्यायला आल्या होत्या. त्याच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन त्यांची संस्था भरवत होती. डार्करूमच्या बाहेरच्या खोलीत, वाळत घातलेल्या रोलांच्या खाली बसून, त्यांनी विचारलं होतं, "तुमच्यावर कुणाकुणाचे प्रभाव आहेत?" या प्रश्नाची उत्तरं त्याच्याकडे तयार असत, घासूनपुसून गुळगुळीत झालेली. पहिले वडील. ते इस्पितळात एक्स-रे काढत. लहानपणी तो शाळा सुटली की तळघरातल्या त्या खोलीत जाऊन बसे. "श्वास घ्या. रोखा. हं, सोडा." वडील दिवसभर एवढंच बोलत, आणि घरी आल्यावर तेवढंही बोलत नसत. ओल्या फिल्मा चिमट्यांना टांगलेल्या असत. कुणाची बरगडी, कुणाचा पंजा, गिळलेलं नाणं. वडील फिल्म खिडकीला लावून म्हणत, "बघ, हा माणूस बाहेर बसलाय आणि हसतोय." काळ्या-पांढऱ्याच्या मधे किती करडे रंग असतात ते तो तिथं शिकला. दुसरा प्रभाव उलट्या बाजूनं झालेला, मास्तरांचा. वडिलांच्या ओळखीनं तो ज्या स्टुडिओत लागला त्याचे मालक, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांत धरून वर करत, खांदे वळवत, नवरा-बायकोला एकमेकांकडे ढकलत, आणि म्हणत, "आता नैसर्गिक हसा." चिमटा काढल्यासारखे चेहरे होत लोकांचे. त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं, की आपण कुणाला काहीही सांगायचं नाही. इकडे बघा नाही, हसा नाही, थांबा नाही. माणूस जसा असतो तसा, कुणी बघत नाही असं वाटत असताना जसा असतो तसा घ्यायचा. भिंतीला टेकून राहायचं, पडद्यासारखं, फडताळासारखं, लोक विसरून जाईपर्यंत. आणि एकच फोटो घ्यायचा. चुकला तर चुकला, दुसऱ्यांदा माणूस तोच नसतो.

हे सगळं त्यानं बाईंना सांगितलं, आणि मग ओघानं 'दुपार' या फोटोची गोष्ट सांगितली. ती सांगितल्याशिवाय त्याची कुठलीच मुलाखत संपत नसे. वडील जाऊन थोडेच दिवस झाले होते. तो स्टुडिओतून मधेच घरी आला, दार ढकललं, बोळातून पुढे आला, तर आतल्या खोलीत आई खिडकीशी उभी. वडिलांचा धुतलेला पांढरा शर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, बाह्या लोंबताहेत, ऊन शर्टावरून उसळून तिच्या हनुवटीवर पडलेलं, आणि गालावर एकच थेंब. त्यानं दाराच्या फटीतून फोटो घेतला आणि पावलं न वाजवता मागे फिरला. "तिला कळलंसुद्धा नाही मी तिथं होतो," हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य. त्या फोटोला बक्षीस मिळालं, तो परदेशी गेला, पुस्तकांत छापून आला. दुःखाबरोबर एकटी असलेली बाई, असं कुणीतरी त्याच्याबद्दल लिहिलं होतं. आता प्रदर्शनाच्या फलकावरही तोच होता, माणसापेक्षा मोठा. त्यानं पुढचं सगळं आयुष्य त्या फटीत उभं राहून काढलं होतं. हॉटेलातली उष्टी ताटं, बसथांब्यावर चप्पल अर्धी काढून पाय मोकळा करणारी बाई, दवाखान्यात पाठ उघडी टाकून बसलेला म्हातारा, झोपलेली ताई, तोंडात पिना धरून केस बांधणारी बायको. बायको सोडून जाताना म्हणाली होती, "तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे रोज पकडलं जायचं." त्याला ते वाक्य चांगलं वाटलं होतं. वाक्य म्हणून.

तो पुन्हा आईकडे गेला तो कॅमेरा न घेता. तिनं दार उघडणाऱ्या ताईला आतून विचारलं, "कोण आहे?" तो आत आला तर ती त्याच्याकडे बघून आक्रसली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "कोण हा माणूस? आत कसा आला?" त्यानं नाव सांगितलं, हात पुढे केला, तशी ती ओरडलीच. दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा गळ्यात अडकवून गेला. "या," ती म्हणाली, "फोटोवाले ना तुम्ही? बसा." म्हणून तो फोटोवाला झाला. वाईट वाटून घ्यायलाही त्याला सवड मिळाली नाही, इतकं ते सोपं झालं. कॅमेऱ्यात कधी रोल असे, कधी नसे. ती फोटोवाल्याशी जितकं बोले तितकं मुलाशी कधी बोलली नव्हती. घरमालकाची बायको कशी आगाऊ होती, इस्पितळाच्या वासानं नवऱ्याजवळ झोपवत कसं नसे, पहिल्या बाळंतपणात सासू कशी वागली, हे सगळं ती शेजारणीला सांगावं तसं सांगे, आणि तो पलंगाच्या कडेला बसून तिच्या आयुष्यातल्या माणसांना पहिल्यांदा भेटत असे. तिथं एक नानूही होता. हट्टी, अबोल, जेवणाचे नखरे असलेला. त्याच्याबद्दल ऐकताना त्याला वाटे, हा मुलगा कधी एकदा दारातून आत येतोय, म्हणजे आपण याला बघू.

त्या दिवशी तिला बरं वाटत होतं. ताईनं तिचे केस धुतले होते, ते उशीवर पसरलेले होते. त्यानं सहज, खरंच सहज, विचारलं, "तुमच्या मुलानं काढला होता ना एक फोटो तुमचा? खिडकीतला, शर्ट धरलेला?"

"तो होय," ती म्हणाली. "पायाला मुंग्या आल्या होत्या माझ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, किती वेळ उभी ठेवली मला! हात भरून आले. ओला शर्ट जड असतो."

त्याला वाटलं ती दुसऱ्याच कुठल्यातरी फोटोबद्दल बोलतेय, मास्तरांच्या एखाद्या. "नाही, तो. तुम्हाला माहीत नव्हतं तो काढतोय ते. तुम्ही रडत होतात."

"मी कुठली रडतेय! रडणं होऊन गेलं होतं सगळं. शर्ट धूत होते ना, डोळ्यात साबण गेला होता. पुसणार, तेवढ्यात दार वाजलं. हा आला. आला तर पुढे यावं की नाही? नाही. बोळातच थांबला. म्हटलं, फोटो काढायचाय वाटतं. मग तशीच राहिले. डोळा चुरचुरतोय, तरी पुसला नाही."

"का?" त्याचा आवाज त्याला स्वतःलाच कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला.

तिनं त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं, की एवढं कसं कळत नाही या माणसाला. "अहो, बाप गेल्यापासून त्यानं एक फोटो काढला नव्हता. कॅमेरा गळ्यात घालून नुसता फिरायचा. जेवायचा नाही, झोपायचा नाही. मला तर भीती बसली होती, की हाही जातो आता. म्हटलं, काढतोय तर काढू दे बाई एकदाचा. हलले आणि गेला निघून तर?"

"मग त्याला सांगितलं का नाही कधी?"

"सांगायचं कशाला? त्याला वाटतं आपण कुणाला दिसत नाही. वाटू दे. बरं वाटतं त्याला."

ती पुढे सासूबद्दल बोलू लागली. तो बसून राहिला. समोर कपाट होतं, कपाटावर औषधांच्या बाटल्या, एकीचं झाकण उघडं. त्याला कसलंतरी हसू फुटू पाहत होतं, आणि छातीच्या मधोमध, वडील जिथं फिल्मवर बोट ठेवून दाखवत त्या जागी, काहीतरी आवळत चाललं होतं. साबण. तो एक थेंब किती लोकांनी किती प्रकारे वाचला होता! त्यानं स्वतः एनलार्जरखाली तो थेंब हातानं सावली धरून उजळ केला होता, कितीदा, लाल दिव्यात, डेव्हलपरमध्ये कागदावर तो हळूहळू उगवताना श्वास रोखून. पण थेंबाचं काही नाही. थेंब कशाचाही असो. तो उभा होता त्या फटीतून पलीकडे जे एकटेपण होतं, ज्याच्यावर त्यानं आपलं सगळं घर बांधलं, तिथं कुणी एकटं नव्हतंच. तिथून कुणीतरी त्याच्याकडे बघत होतं. न बघता, तोंड खिडकीकडे ठेवून, सगळ्या अंगानं बघत होतं, आणि तो मात्र आपण अदृश्य आहोत या समाधानात उभा होता. स्टुडिओत लोकांना मास्तर सांगत तसं इथं कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. हनुवटी वर, खांदा इकडे, हे तिनं तिचं तिनंच केलं होतं.

स्वयंपाकघरात ताई कणीक मळत होती. तो दाराशी जाऊन उभा राहिला.

"ताई, मी फोटो काढायचो तेव्हा तुला कळायचं?"

"कधी?"

"कधीही. तू झोपलेली असताना, अभ्यास करताना."

ताईनं मागे वळूनही बघितलं नाही. "तुझा गुडघा वाजतो रे. लहानपणी सायकलवरून पडलास तेव्हापासून. घरभर कळायचं."

"मग?"

"मग काय? आई खुणावायची, हलू नका म्हणून. बाबासुद्धा पेपर तसाच धरून बसायचे, पान न उलटता. एकदा त्यांना शिंक आली होती तर केवढे लालबुंद झाले होते." ती हसली, आणि मग हात थांबले. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. "का रे? आज काय त्याचं?"

"काही नाही."

"आम्हाला वाटायचं तुला माहीत असेल," ती म्हणाली. "एवढा हुशार तू."

घरी जाऊन त्यानं कपाटातले जुने फोटो काढले नाहीत. काढायची गरज नव्हती, ते सगळे त्याला पाठ होते. रस्त्यानं चालतानाच ते एकेक करून उलटत गेले. बसथांब्यावरची बाई: तिचा पाय तेवढा वेळ चपलेबाहेर कसा काय राहिला? दवाखान्यातला म्हातारा: पाठीवर गारठा लागत असणार, पण त्यानं सदरा ओढून घेतला नाही, कुणाची तरी अडचण होईल म्हणून घेतला नाही का? बायको, आरशासमोर. आरशात तो दिसत असणारच. तोंडातल्या पिना तिनं किती वेळ दातांत धरून ठेवल्या होत्या, आणि ती जे बोलली ते पकडलं जाण्याबद्दल होतं, की धरून ठेवण्याबद्दल? गर्दीत लोक त्याच्या अंगावरून जात होते. त्याला एकाएकी असं वाटू लागलं की हे सगळे त्याला ओळखून आहेत. पानवाला, पोस्टाच्या पायऱ्यांवर बसलेले दोघे, पट्टी बांधलेल्या हाताचा मुलगा, सगळे आपापल्या जागी त्याच्यासाठी जरासे थांबले आहेत, समजूतदारपणे, वेड्याला सांभाळून घ्यावं तसे. तो कुठंच एकटा गेला नव्हता. सगळीकडे त्याला सांभाळून घेतलं होतं, आणि त्या सांभाळून घेण्याचाच फोटो काढून त्यानं खाली लिहिलं होतं: एकटेपण.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो प्रदर्शनाच्या दालनात गेला. कामगार शिड्यांवर चढून फ्रेमा सरळ करत होते. 'दुपार' दाराच्या समोरच्या भिंतीवर एकटा लावला होता, वर दिवा सोडलेला. त्यानं बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, जमेल तितक्या कमी शब्दांत. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या वडिलांनाही हाच आजार होता. न घडलेल्या गोष्टी इतक्या बारकाईनं सांगायचे, की आम्हीसुद्धा फसायचो. मेंदू रिकाम्या जागा भरून काढतो हो. तुम्ही आधीच किती ताणात आहात."

ताईचं बोलणं त्यानं बाईंना सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर सगळं तिथंच खरं झालं असतं. बाईंनी एक दार उघडून धरलं होतं आणि तो त्यातून निघून गेला. "हो," तो म्हणाला, "तसंच असेल." आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिव्यांच्या झोतात, खुर्च्या भरलेल्या असताना, कुणीतरी हात वर करून 'दुपार'बद्दल विचारलं, तेव्हा ती गोष्ट त्याच्या तोंडातून आपोआप बाहेर आली, बोळ, शर्ट, ऊन, थेंब, आणि शेवटच्या वाक्याच्या आधी तो थांबला. लोकांना ती थांबण्याची जागा आवडली. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं रुमाल डोळ्याला लावला. "तिला कळलंसुद्धा नाही मी तिथं होतो," तो म्हणाला. टाळ्या वाजल्या.  लोक येऊन हात मिळवू लागले, आणि तो फोटोकडे पाठ करून एकेकाचा हात हातात घेत राहिला.

आईला त्याच रात्री ताप भरला होता, पण ताईनं त्याला सकाळी कळवलं, कार्यक्रम होऊ दे म्हणून. तो गेला तेव्हा खोलीत औषधाचा आणि ओल्या फडक्याचा वास होता. नर्सबाई नुकतीच येऊन गेली होती. आईचं तोंड इतकं लहान झालं होतं की उशी मोठी वाटत होती. त्यानं कॅमेरा गळ्यात अडकवला होता, नाहीतर ती घाबरली असती. आत रोल नव्हता.

"आज नको," ती म्हणाली. डोळे अर्धेच उघडले होते. "आज बरं नाही वाटत."

"नाही काढत."

तो पलंगाच्या कडेला बसला. थोड्या वेळानं तिनं पुन्हा डोळे उघडले. "मग बसलात कशाला?"

"असाच."

"असं बसू नये कुणाच्या घरात." तिचा श्वास मधेमधे अडकत होता, ती थांबे आणि पुन्हा बोले. "तुमच्या घरी कुणी वाट बघत असेल."

"कुणी नाही."

"बायको?"

"नाही."

"आई आहे?"

तिनं वाट पाहिली. मग त्यानं मान डोलावली. आहे.

"मग जा ना तिच्याकडे," ती म्हणाली. "इथं काय करताय? ती तिकडे एकटी, आणि तुम्ही लोकांच्या घरी बसताय." तिला बोलण्याचे कष्ट होत होते, पण राग खरा होता, ओळखीचा होता, शाळा बुडवून घरी आल्यावर दारातच भेटणारा. "उठा. जा म्हणते ना."

तो उठला. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. दारातून मागे बघितलं तर ती त्याच्या जाण्याकडे लक्ष ठेवून होती, गेला की नाही याची खात्री करत. ताईनं विचारलं, "निघालास? आत्ता तर आलास." तो चप्पल घालून जिना उतरला, रस्त्यावर आला आणि उभा राहिला. एक टेम्पो मागे येत होता, माणूस हात करून त्याला दिशा दाखवत होता. कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान उघडत होतं. सगळ्यांना कुठं ना कुठं जायचं होतं. तो चालत गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथून वळून परत आला, जिना चढून वर गेला. त्याला वाटत होतं की आत जाऊन तिला सांगावं, आलो. तुम्ही सांगितलं म्हणून आलो. पण ती झोपली होती, आणि डॉक्टर येऊन गेल्यावरही उठली नाही.

त्यानंतर ती जागी झाली, दोनचारदा, पण बोलली नाही. तो रोज जाई, दिवसभर बसे. एके दिवशी ताई म्हणाली, "हा काढून ठेव रे गळ्यातला. मानेला वळ उठलाय." त्यानं कॅमेरा काढून कपाटावर बाटल्यांशेजारी ठेवला. आई घाबरली नाही. तिचे डोळे उघडे होते. ते त्याच्यावरून गेले, कपाटावर गेले, खिडकीवर जरा थांबले, आणि परत फिरताना पुन्हा त्याच्यावरून गेले, कुठंही न अडखळता.